उठण्याची मुभा

पावसाळा मुरला आणि गाविलगडच्या डोंगररांगेवर ढग वस्तीला आले, म्हणजे अमरावती, अकोला, दर्यापूर, अचलपूर अशा गावांतून चिखलदऱ्याकडे माणसांची जी रीघ लागते, तीत एकटादुकटा प्रवासी अपवादानेच आढळतो. बहुधा ती मंडळी असते, आणि मंडळी म्हटली म्हणजे तीत शाळेतले जुने सोबती, एका कचेरीत वर्षानुवर्षे शेजारी बसलेले कारकून, कुणाच्या पंचाहत्तरीसाठी गोळा झालेले सगेसोयरे, किंवा अलीकडच्या रिवाजाप्रमाणे साखरपुड्याला आलेले पाहुणेसुद्धा असतात. अशा प्रत्येक मंडळीत एक तरी माणूस असा असतो, की ज्याला पहिले दोन-तीन तास इतरांइतकाच, कदाचित इतरांहून अधिक, आनंद होतो, आणि त्यानंतर मात्र त्याच्या मनाची शक्ती ओसरू लागते, शब्द कानांवर पडतात पण आत उतरत नाहीत, चेहऱ्यावरचे हसू प्रयत्नाने धरून ठेवावे लागते, आणि आता उठावे, घटकाभर एकटे व्हावे, एवढी एकच इच्छा उरते. तो अमरावतीत असता, तर काहीतरी निमित्त काढून घरी गेला असता. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या या गावी त्याची तीही सोय नाही: गाडी दुसऱ्याची, मुक्काम सर्वांचा एकत्र, बाहेर धुके, आणि परतवाड्याकडे उतरणारा घाट अशा रात्री उतरायला कुणी सहसा धजत नाही. अंतर्मुख प्रकृतीच्या माणसाने जमलेल्या मैफलीतून उठावे कसे, आणि इतरांनी त्याला उठू द्यावे कसे, हा प्रश्न तसा प्रत्येक घरातला आहे; चिखलदऱ्यात तो झाकता येत नाही, एवढेच.

तेथील एका विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मी पाहिलेला एक प्रसंग या संदर्भात सांगण्याजोगा आहे. अकोल्याकडची एक मोठी मंडळी उतरली होती. दिवसभर देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, पंचबोल पॉइंट असे फिरून, दरीत आरोळ्या देऊन आणि परत आलेले आपलेच आवाज ऐकून ती दमलेली असली, तरी जेवणानंतर खुर्च्यांचे कोंडाळे झाले आणि भेंड्यांचा खेळ सुरू झाला. त्यांतले पन्नाशीचे एक गृहस्थ प्रथम आईची शाल आणण्यासाठी उठले, थोड्या वेळाने पिण्याचे पाणी भरले आहे की नाही ते पाहण्यासाठी उठले, आणि अखेर फोन आला असे सांगून बाहेर आले. व्हरांड्याच्या टोकाशी, जेथे दिव्याचा उजेड संपतो तेथे, फोन कानाला लावून ते बराच वेळ उभे राहिले, आणि बोलत कुणाशीच नव्हते. आतून "कुठी गेले हो भाऊ? तुमची पाळी आहे न!" अशी हाक आली, तेव्हा त्यांनी मान वळवून, हाताने 'आलोच' अशी खूण केली. त्या गृहस्थांना आपल्या माणसांचा कंटाळा आला असेल, असे मला क्षणभरही वाटले नाही. आईची शाल ज्याला आठवते त्याला माणसांचा तिटकारा असतो, हे म्हणणे टिकण्यासारखे नाही. परंतु पाच मिनिटांच्या एकांतासाठी एका सरळमार्गी, वयस्क माणसाला खोटे बोलावे लागावे, ही गोष्ट मला लागली, आणि आजचे लिखाण त्या लागण्यातून झाले आहे.

अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन प्रकृतींचे विवेचन स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केले, आणि तेव्हापासून ही कल्पना जगभर रूढ झाली. स्थूलमानाने सांगायचे, तर एकाचे चैतन्य बाहेरच्या माणसांकडे व वस्तूंकडे धाव घेते, आणि दुसऱ्याचे आत वळते. दोन्ही वृत्ती प्रत्येकात असतात, प्रमाण मात्र भिन्न असते. स्वतः युंगने पुढे १९२३ पासून झुरिकच्या सरोवराकाठी बोलिंगेन येथे एक दगडी मनोरा बांधावयास घेतला आणि आयुष्याचा बराच काळ तो तेथे एकांतात जाऊन राहत असे, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अंतर्मुखता म्हणजे भिडस्तपणा नव्हे. भिडस्त माणसाला लोकांत जावेसे वाटते पण धीर होत नाही, आणि अंतर्मुख माणूस धीटपणे जातो, सभेत बोलतो, वाद घालतो, फक्त त्याचा मनाचा साठा लवकर संपतो. आपल्याकडे हा भेद कुणी करीत नाही. लवकर उठणारा तो शिष्ट, कोपऱ्यात बसणारा तो घुम्या, न येणारा तो माणूसघाणा, अशी आपली वर्गवारी ठरलेली आहे, आणि "त्याले माणसं चालत नाही" हा शेरा वऱ्हाडात एकदा का नावापुढे लागला, की तो जन्मभर पुसला जात नाही.

धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी सभा-संमेलनांपासून कटाक्षाने दूर राहत, आणि त्यांच्याविषयी तऱ्हेवाईकपणाच्या गोष्टी पुष्कळ पसरल्या. पण त्यांच्या पत्रांचे जे खंड पुढे प्रसिद्ध झाले, विशेषतः सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा, ते ज्याने वाचले त्याला त्या माणसाच्या ठायी स्नेहाची किती ओढ होती हे निराळे सांगावे लागत नाही. स्नेह होता, त्याला मैफल हे पात्र मानवत नव्हते, कागद मानवत होता.

आपल्या वऱ्हाडातले उदाहरण तर याहून मोठे आहे. शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा हे हजारोंच्या समुदायाला रात्र रात्र खिळवून ठेवणारे कीर्तनकार; त्यांना अंतर्मुख म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु समुदायात शिरावे कसे याइतकेच त्यातून निघावे कसे, हे त्यांना जितके कळले तितके क्वचितच कुणाला कळले असेल. १९०५ साली त्यांनी घर सोडले, आणि त्यानंतर ते कोठेच घट्ट बसले नाहीत. कीर्तन संपते न संपते तोच, लोक पायांवर डोके ठेवायला पुढे सरसावण्यापूर्वी, बाबा अंधारात निघून गेलेले असत, ही आठवण त्यांच्याविषयी सांगणाऱ्यांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येते. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, पण त्यांत स्वतः मुक्कामी मालकासारखे राहिले नाहीत; आणि १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवला तोही अमरावतीकडे येताना, वलगावजवळ, प्रवासात. त्यांच्या निघून जाण्याला कुणी उद्धटपणा म्हटले नाही. काम झाले, आता थांबण्याचे प्रयोजन नाही, हा त्याचा अर्थ अडाणी समजल्या जाणाऱ्या शेतकऱ्यालाही उमजत होता. संतांना जी मुभा आपण आदराने देतो, ती घरातल्या मेव्हण्याला किंवा वर्गमित्राला देताना आपला हात का आखडतो, हे मला समजत नाही.

जुन्या काळी हा प्रश्न इतका अवघड नव्हता, कारण समाजाने त्याची तजवीज करून ठेवली होती. मराठेशाहीच्या दरबारी दस्तुरात आलेल्या माणसाला रुखसत मिळत असे. सरदार असो की परक्या राज्याचा वकील असो, त्याला अत्तरगुलाब होई, निरोपाचे विडे दिले जात, प्रसंगी वस्त्रे दिली जात, आणि बैठक बरखास्त झाली हे न बोलता सर्वांना कळे. यातली मर्माची गोष्ट अशी, की उठण्याचा आरंभ पाहुण्याकडून होत नसे; त्याला मोकळे करणे हे यजमानाचे काम होते, आणि ते त्याने वेळेवर करणे हा त्याच्या घरंदाजपणाचा भाग मानला जाई. दरबार गेले, तरी हाच दस्तूर सर्वसामान्यांच्या घरात पानसुपारीच्या रूपाने पुष्कळ काळ टिकून राहिला. पानाचे तबक फिरले, गुलाबदाणी शिंपडली गेली, म्हणजे ज्याला जायचे त्याने जावे आणि ज्याला बसायचे त्याने बसावे, अशी दोघांचीही सोय त्यात होती, आणि जाणाऱ्याला कैफियत द्यावी लागत नव्हती.

हळदीकुंकू ही आपल्या स्त्रियांनी घडवलेली संस्था तर या दृष्टीने मला अत्यंत शहाणपणाची वाटते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या या समारंभात येणारी येत असते आणि जाणारी जात असते; हळदकुंकू लावले, अत्तराचे बोट हातावर टेकले, तिळगूळ आणि वाण ओटीत पडले, की जी घटकाभर बसली तिचेही स्वागत आणि जी उभ्या उभ्या निघाली तिचाही मान राहतो. जिला बोलायचे ती बोलते, जिला नाही ती दाराशीच वाण घेऊन हसून परतते, आणि मागे तिची चर्चा होत नाही. मयताच्या घरी भेटायला जाण्याची आपली रीतही अशीच आहे: तेथे 'बसा' असा आग्रह नसतो, 'येतो' म्हणण्याची पद्धत नाही, माणूस थोडा वेळ मूक बसतो आणि मुकाट्याने उठून जातो, आणि त्याचे येणे पूर्णपणे पोहोचलेले असते. तिवसा तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीला, जेथे तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम स्थापला, त्यांच्या पुण्यतिथीस लाखांचा समुदाय जमतो, आणि महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ज्या वेळी देह ठेवला ती दुपारची ४ वाजून ५८ मिनिटांची वेळ होताच तो सारा समुदाय मौन धरून उभा राहतो. एवढ्या गर्दीत उभा असलेला अबोल माणूस त्या क्षणी कुणाहून कमी नसतो, सर्वांसारखाच असतो. म्हणजे एकत्र येणे आणि शांत असणे, थांबणे आणि निघणे, यांचा मेळ घालण्याचे ज्ञान आपल्या समाजाला नव्हते असे नाही.

ते हरवले कोठे, याची कारणे साधी आणि ऐहिक आहेत. पहिले कारण पंगत मोडली, हे. पळसाच्या पत्रावळीवर जेवणाऱ्या पंगतीत मधून कुणी उठत नसे हे खरे, पण तिला शेवट होता. सर्वांनी एकदम हात धुतले, सुपारी तोंडात टाकली, की माणूस मोकळा. शिवाय ज्याला गप्पा जमत नसत त्याला पंगतीत एक सन्मानाचे काम होते: वरणाची बादली किंवा तुपाचे भांडे हाती घेऊन तो वाढायला निघे, शंभर माणसांसमोर वाकून शंभरदा 'घ्या, थोडे घ्या' एवढेच बोले, आणि तरी सर्वांशी त्याची भेट झालेली असे. शेतात रोडगे लावले, तर गोवऱ्यांच्या आराजवळ बसून ते उलटेपालटे करण्याचे काम असाच एखादा मितभाषी माणूस आपल्याकडे घेई, आणि धुराने डोळे चोळीत तीन तास समाधानाने बसे. आता ताट हाती घेऊन उभ्याने जेवायचे असते, जेवणाला ना आरंभ ना अंत, आणि करण्यासारखे काम एकच उरले आहे, ते बोलण्याचे.

दुसरे कारण वाहनांचे. "शेवटची एसटी आहे" या वाक्यापुढे कोणताही वऱ्हाडी यजमान नमत असे. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची, आता बंद पडलेली, शकुंतला सुटण्याची वेळ झाली म्हटले, की लगबगीने दशम्यांची शिदोरी बांधली जाई आणि पोरगा पिशवी घेऊन स्टेशनपर्यंत सोबत येई. गाडीच्या वेळापत्रकाने कित्येक अबोल माणसांची अब्रू राखली, कारण जाण्याची जबाबदारी त्यांच्यावर येतच नव्हती. आज दारात मोटार उभी असते, आणि "काहाची घाई आहे? मी सोडून देतो न जी!" या प्रेमळ वाक्याला उत्तर नसते.

ते वाक्य प्रेमळ आहे, हे मी मनापासून म्हणतो. वऱ्हाडाचा पाहुणचार आग्रहाचा आहे, आणि त्या आग्रहाचे मोल मी जाणतो. कापूस बुडाला त्या सालीसुद्धा, घरात काय आहे नि काय नाही हे पाहुण्याला कळू न देता, ज्या हातांनी पुरणाची पोळी वाढली ते हात पाहुणा उठू लागला म्हणजे त्याचा खांदा धरतात, यात लोभाचा अंश नसून मायेचा आहे. परंतु मायेलाही समोरच्याच्या प्रकृतीची दखल घ्यावी लागते. मधुमेही पाहुण्याच्या पानात जिलबीचा आग्रह कुणी करीत नाही. ज्याचे मन गर्दीने थकते त्याच्याविषयी एवढीच समज मी मागतो.

या मागणीवर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. प्रकृतीचे नाव पुढे करून माणसे अंग काढतील. भांडी घासायची वेळ आली, वृद्ध आत्याजवळ बसायची पाळी आली, हिशेबाची वर्गणी निघाली, की नेमकी यांची अंतर्मुखता जागी होईल. अशी माणसे आहेत. पण त्यांची कसोटीही सोपी आहे: खरा अंतर्मुख माणूस कामातून पळत नाही, तो घोळक्यातून पळतो, आणि त्याला काम दिले तर उपकार झाल्यासारखे घेतो. या आक्षेपाची दुसरी बाजू मात्र मला अधिक अस्वस्थ करते. उठून जाण्याचा हा सारा विचार आपण पाहुण्यांपुरता करतो. घरच्या सुनेला उठता येते का? तिच्या घरी वीस माणसे चार दिवस मुक्कामाला असतात, ती स्वभावाने अबोल असते, आणि तिला एकांत म्हणून जी जागा मिळते ती स्वयंपाकघर, जेथे एकांताची किंमत पोळ्या लाटून चुकवावी लागते. चिखलदऱ्याच्या सहलीतही मुलांचे कपडे, सासूबाईंची औषधे आणि सकाळचा चहा तिच्याचकडे असतात. अंतर्मुख पुरुष व्हरांड्यात फोन कानाला लावून उभा तरी राहू शकतो. तिला तेवढेही नसते, आणि ती बाहेर गेलीच तर कुणीतरी काळजीने मागे येते. स्वभावाला मान देण्याची गोष्ट बोलायची असेल, तर ती घराच्या या टोकाकडून सुरू झाली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

जाणाऱ्याकडूनही काही अपेक्षा आहेत. कुणालाही न सांगता नाहीसे होणे, हा मार्ग हल्ली काही जण स्वातंत्र्य म्हणून मिरवतात. डोंगरावर तो सरळ सरळ अपराध आहे, कारण धुक्यात एक माणूस दिसेनासा झाला तर दहा माणसे विजेऱ्या घेऊन कड्यांकडे धावतात. एका माणसाला सांगावे, आणि खरे सांगावे. डोके दुखते, पित्त झाले, उद्या लवकर उठायचे आहे, अशा सबबींचा वाईट भाग असा, की यजमान त्यांवर उपाय सुचवू लागतो. बाम येतो, लिंबूपाणी येते, आणि सबबीला दुसरी सबब जोडावी लागते. त्याऐवजी "फार छान वाटले, आता मी थोडा एकटा बसतो" हे वाक्य, आल्या आल्याच वेळ सांगून ठेवलेली असली तर, ऐकणाऱ्याला मुळीच लागत नाही. अमरावतीत माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक कोणत्याही समारंभाला सर्वांआधी पोहोचतात, यजमान अजून मोकळा असताना त्याच्याशी नीट बोलून घेतात, साडेआठला उठणार असे त्याच वेळी सांगतात, आणि साडेआठला घड्याळाकडे न पाहता उठतात. इतक्या वर्षांत त्यांना कुणी शिष्ट म्हटलेले मी ऐकलेले नाही. उलट प्रत्येकाला वाटते की गुरुजी आपल्याशीच सर्वांत जास्त बोलले.

एक मात्र त्यांनाही टाळता आलेले नाही, आणि ते म्हणजे निरोपाचे मुक्काम. आपला निरोप बैठकीत सुरू होतो, ओसरीवर येऊन पुन्हा उभा राहतो, फाटकाशी नवा विषय काढतो आणि मोटारीच्या खिडकीत हात घालून अर्धा तास बोलत राहतो; बोलक्या माणसाला हा समारंभाचा कळस वाटतो, आणि ज्याने उरलीसुरली शक्ती उठण्यात खर्च केली त्याला मात्र प्रत्येक मुक्कामावर पुन्हा नव्याने उठावे लागते. फाटकापर्यंत यावे, हात जोडावेत, आणि सोडावे. राहिलेले बोलणे दुसऱ्या दिवशी फोनवर होते, आणि अंतर्मुख माणूस ते फोनवर किंवा चार ओळी लिहून अधिक जिव्हाळ्याने करतो, असा माझा अनुभव आहे.

यजमानांकडे माझे मागणे थोडे आहे. निमंत्रणपत्रिकेवर आरंभाची वेळ छापतो तशी समारोपाची छापावी, आणि ती पाळावी. पानाचे तबक पुन्हा फिरवावे. तंबाखूच्या पानाचा मी पुरस्कार करीत नाही, बडीशेप चालेल, पण तबक फिरले म्हणजे उठायला हरकत नाही हा संकेत घराघरांत पुन्हा रुजावा. अंताक्षरीच्या कोंडाळ्यात नाव घेऊन कुणाला ओढू नये. आणि जी मंडळी या पावसाळ्यात चिखलदऱ्याला निघणार आहेत त्यांच्या पुढाऱ्यांनी मुक्कामाच्या खोल्या ठरवतानाच एवढा बंदोबस्त करावा, की एक खोली झोपणाऱ्यांसाठी व वाचणाऱ्यांसाठी राखलेली असावी, तिच्यात कोण गेले याची विचारपूस होऊ नये. आणि परतीच्या दिवशी सर्व गाड्या एकदम संध्याकाळी न काढता एक गाडी सकाळच्या चहानंतरच परतवाड्याकडे उतरावी, ज्याला जायचे त्याने तीत आपली पिशवी ठेवावी. तिची वेळ आदल्या रात्री जेवताना सर्वांना सांगून ठेवावी, आणि त्या गाडीत सुनेलाही जागा असावी.